नानांचा हिरवा खानदेश

पारा 45 अंशांना टेकला की जळगावातला शहाणा माणूस दुपारी दार ओढून कूलरपुढे पडतो. आमच्या कॉलनीतले नाना मात्र यंदा भर मे महिन्यात मागच्या अंगणात गोल्फ खेळतात.

अख्खा गोल्फ नव्हे. त्याला शे-सव्वाशे एकर जमीन लागते, आणि तेवढी असती तर नानांनी तिच्यात केळी लावली असती, नाहीतर एन.ए. करून प्लॉट पाडले असते. हे नुसतं पटिंग ग्रीन. 20 बाय 30 फुटांचा प्लास्टिकच्या गवताचा तुकडा, त्यात सव्वाचार इंचांची तीन भोकं आणि प्रत्येकात एक झेंडी. काठीने चेंडू हळूच ढकलायचा आणि भोकात घालायचा. टाचेने गल करून गोट्या खेळणाऱ्या पोरांना हाच आनंद फुकटात मिळायचा. पण फुकटच्या खेळाला प्रतिष्ठा नसते आणि पुण्याच्या पाहुण्यांना दाखवायला झेंडी नसते.

काम घेतलं एका क्रिकेट-टर्फवाल्या ठेकेदाराने. त्याने आधी अर्धा फूट काळी माती उपसून ट्रॉलीने बाहेर काढली. पाणी लागलं की ही माती फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून ती कपाशीला चालते, गोल्फला चालत नाही. मग खडी, खडीवर कच, कचीवर रोलर, त्यावर गवताचा गालिचा आणि पात्यांच्या बुडाशी सिलिका वाळू. गिरणेची वाळू का नाही, असं विचारल्यावर ठेकेदार म्हणाला, “तिला रात्रीची मागणी फार आहे.”

अडचण एकच होती, अंगणातला निंब. त्याची पानं गळतात, मुळ्या खडी उचलतात आणि निंबोळी चेंडूला आडवी येते. शहरातलं झाड तोडायला 1975च्या कायद्याने परवानगी लागते. नाना कायदा पाळणारे गृहस्थ. त्यांनी रीतसर अर्ज केला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘घरामागील परिसर हरित करणे.’

ठेकेदाराच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘पाणी लागत नाही.’ ते अगदी खरं निघालं. गवताला लागत नाही, खेळणाऱ्याला लागतं. भर उन्हात हे प्लास्टिक साठ अंशांच्याही पुढे तापतं. पहिल्या दिवशी नाना हिरवळीवर अनवाणी उतरले आणि उतरले त्याच्या दुप्पट वेगाने ओट्यावर चढले. तेव्हापासून प्रत्येक डावाआधी बोअरचं पाणी मारून मैदान निववावं लागतं. हे गवत जगात गाजलं ते 1966 साली, अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये. तिथे छपराखाली खरं गवत जगेना म्हणून ते अंथरलं होतं. ते स्टेडियम वातानुकूलित होतं. जळगावला येताना गवत तेवढं आलं, छप्पर आणि गारवा तिकडेच राहिला.

भवरलालजी जैन यांच्या ठिबकने या जिल्ह्याला शिकवलं, की पाणी रानाला नाही, मुळाला द्यायचं. ज्याला मूळच नाही त्याला पाणी देण्याचं तंत्र मात्र नानांचं स्वतःचं.

आता जळगावात झालं म्हणजे ते धुळ्यात व्हायलाच हवं. 1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेव्हापासूनची ही चुरस आहे. नानांचे व्याही धुळ्याचे. नळाला पाणी येण्याचा दिवस तिथे सणासारखा लक्षात ठेवतात. व्याह्यांनीही ग्रीन मागवलं, नानांपेक्षा एक भोक जास्त. पण त्याला जो शेकडा एक-दीडचा उतार लागतो, तो काही ठेकेदाराला साधेना. शेवटी पांझरेकाठच्या गावातून एका म्हाताऱ्या पाटकऱ्याला बोलावलं. पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी शतकानुशतकं निव्वळ उतारावर शेतोशेत फिरलं. ना पंप, ना वीज. पाटकऱ्याने एक डोळा मिटून अंदाज घेतला, चार ठिकाणची खडी सरकवली आणि उतार बिनचूक बसला. मग त्याने विचारलं, “आठे पानी नही, पीक नही. मंग हाऊ उतार कसाले?”

“चेंडूसाठी,” व्याही म्हणाले.

पाटकऱ्याने चेंडू हातात घेऊन निरखला. “पेराना शे का?”

इकडे नानांच्या आईंनी ग्रीनला आठवडाभरात कामाला लावलं. तापल्या प्लास्टिकवर जुनं लुगडं अंथरून कुरडया आणि ज्वारीचे बिबडे वाळत घातले. दुपारपर्यंत सगळं खणखणीत. आता दिवसा वाळवण आणि संध्याकाळी गोल्फ असं वेळापत्रक ठरलंय. झेंड्या कावळे हाकलायला उपयोगी पडतात.

नाना तेवढ्यावर समाधानी नाहीत. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, पारा ठरलेल्या आकड्यावर ठरलेले दिवस टिकला की भरपाई मिळते. मग हिरवळीला का नाही, असा त्यांचा सवाल आहे. माझ्या मते त्यांनी विम्याऐवजी योजना मागावी. 2019 साली राज्याने 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला आणि पुढे त्या झाडांची चौकशी करायला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. नानांच्या हिरवळीला असली कटकट नाही. ती उन्हाने करपत नाही, शेळी तिला तोंड लावत नाही आणि फोटोत बारा महिने हिरवी दिसते. तिचं जगण्याचं प्रमाण शंभर टक्के. येत्या जुलैपासून सरकारने रोपांऐवजी चौरस फुटांचं उद्दिष्ट द्यावं, आकडे आपोआप पुरे होतील.

उद्घाटन मात्र सकाळी आठच्या आत उरकावं. मंत्रिमहोदय भर दुपारी चपला काढून श्रीफळ वाढवायला उतरले, तर पुन्हा चौकशी समिती नेमावी लागेल.