बाईंच्या घराचं कुलूप

"ऐकलंत का वहिनी? मागच्या गल्लीतल्या बाईंच्या घराला कुलूप लागलं."

"बहिणीनं लावलं असेल. तीच तर शेवटपर्यंत उशाशी होती."

"कुठली बहीण! पुतण्यानं. दिराचा मुलगा हो. आजारपणात कधी फिरकला नाही, तेराव्याला मात्र कुलूपवाला घेऊन हजर. बहिणीचा चष्मासुद्धा आत राहिलाय म्हणे."

"अगं बाई! पण घर तर बाईंनी शाळेच्या पगारातून हप्ते फेडून घेतलेलं."

"असू दे ना. आमचे जावई वकील, ते म्हणाले, १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५. बाई मृत्युपत्र न करता गेली, मागे मूल नाही, नवरा नाही, की स्वकष्टाची मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे. माहेरचा नंबर त्यांच्यानंतर. आईबापांकडून वारशानं आलेलं असेल तेवढंच माहेरी परत."

"सासरच्यांनी हाकलून दिलं असलं तरी?"

"तरी! २००९चा सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे. लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, पोरगी माहेरी राहून शिकली, नोकरीला लागली. तिच्यामागे पैसा गेला कुणाला? नणंदेच्या मुलांना!"

"जळ्ळा मेला तो कायदा! पण बँकेत नॉमिनी बहीणच होती ना?"

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो. बँकेतून पैसे घ्यायचे आणि वारसांच्या हाती द्यायचे. बाईंनी एक कागद करून ठेवायचा होता. स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर आपण सही करायची, मग आपल्यासमोर त्यांनी. मन बदललं तर नवं करा, शेवटचं असेल ते खरं."

"कुणी सुचवलं नाही?"

"बहिणीनं कोणत्या तोंडानं सुचवायचं? लोक म्हणाले असते, हिचा डोळा घरावर. आणि बाईंकडे विषय काढला की, 'एवढी घाई झालीय का माझी?'"

"आमच्याकडे तेच. ह्यांना म्हटलं की म्हणतात, माझ्यामागे सगळं तुझंच."

"सगळं कसलं? तुमच्या सासूबाई आहेत ना अजून? मृत्युपत्र नसेल तर मुलाच्या मिळकतीत आईचाही वाटा, बायकोइतकाच."

"काय सांगताय! हळू बोला, त्यांच्या कानावर नको जायला."

"त्या मघापासून तुळशीपाशी उभ्या आहेत. पाणी कधीच घालून झालंय."