इंजिनाचे दात पाहणारे मामा

हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळदीचे ढीग लागले, वसमत, सेनगाव, कळमनुरी या तालुक्यांतून आलेल्या पोत्यांचा लिलाव होऊन कास्तकाराच्या खात्यावर रक्कम जमा झाली, मागील सालची उधारी, सोसायटीचे कर्ज आणि लेकीच्या सासरचे राहिलेले मानपान यांचा निकाल लागला, आणि एवढे होऊनही काही शिल्लक उरली, म्हणजे त्या शिलकेच्या अंगी एक विलक्षण अस्वस्थता संचारते. ती बँकेत स्वस्थ बसत नाही, सोन्यात अडकून पडण्यास कबूल होत नाही, आणि मृग निघण्यापूर्वी कोठून तरी एखादी जुनी फोर बाय फोर जीप दारात आणून उभी केल्यावाचून तिचे समाधान होत नाही. अशा प्रसंगी ज्यांच्याकडे तातडीने माणूस पाठविला जातो, त्या गृहस्थांना सारा तालुका मामा म्हणतो.

मामांचा हुद्दा कोणत्याही दप्तरात नमूद नाही. ते मिस्त्री नव्हेत, कारण मिस्त्रीची नखे काळी असतात आणि मामांचा सदरा ऐन ज्येष्ठातही परीटघडीचा असतो. ते दलाल नव्हेत, कारण दलालीचा उच्चार त्यांच्यासमोर केलेला त्यांना खपत नाही. आणि गाड्यांचे व्यापारी तर मुळीच नव्हेत, कारण व्यापाऱ्याला गाडी विकायची असते, मामांना मात्र ती केवळ नापसंत करायची असते. नापसंती ही त्यांची मूळ वृत्ती. जिंतूरपासून वाशीमपर्यंत जेवढ्या जुन्या जीपगाड्या विक्रीस निघाल्या, त्यांतील बहुतेकींकडे पाहून मामांनी नकारार्थी मान हलविली आहे, आणि ज्या थोड्या गाड्यांच्या बाबतीत ती हलली नाही त्या अद्याप रस्त्यावर आहेत, असे त्यांचे चाहते सांगतात. रस्त्याच्या कडेला आहेत, असे विरोधक सांगतात.

ही विद्या मामांकडे वारसाहक्काने आली. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती त्या काळी, म्हणजे १९०३ पूर्वी, पलटणीच्या साहेबांना घोडे पाहून देणारा कोणी पूर्वज आपल्या कुळात होऊन गेला असे ते सांगतात. त्याला पुरावा नाही; पण वडील बैलांचे पारखी होते याला साऱ्या पंचक्रोशीची साक्ष आहे. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत एखाद्या लालकंधारी गोऱ्ह्याचा ओठ दोन बोटांनी वर करून ‘दोन दाती’, ‘चार दाती’, ‘जुळलेला’ असा निवाडा देणे, त्याला चार पावले चालवून खुराची ठेवण पाहणे, आणि अखेरीस विकणाराच्या व घेणाराच्या हातांवर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी किंमत तोडणे, हे सारे मामांनी पोरवयात पाहिले. पुढे ट्रॅक्टर आले, गोठे ओस पडले आणि घरात केवळ विद्या शिल्लक राहिली. तेव्हा मामांनी ती विद्या, काना-मात्रेचाही फरक न करता, इंजिनाला लावली. बैलाचे वय त्याच्या दातांवरून कळते, पण त्याची खोड कळते ती मालकाच्या तोंडावरून, हा वडिलांचा पाठ त्यांनी अक्षरशः पाळला आहे.

त्यामुळे मामांची परीक्षा गाडीपासून सुरू होत नाही. घेणारा येतो तो अश्वशक्तीचे आकडे तोंडपाठ करून, पेट्रोल घ्यावे की डिझेल, जुने पंपाचे इंजिन घ्यावे की नवे कॉमन रेलचे, असा प्रश्न मनात घोळवीत. आणि मामा त्या प्रश्नाला स्पर्शही न करता त्याची जबानी नोंदवू लागतात. ज्या पद्धतीने निजामी अमलातला एखादा शिरस्तेदार फिर्यादीला प्रश्न विचारीत असेल, त्याच निर्विकार मुद्रेने हे चालते.

“पांदण किती लांब हाय, पाटील?”

“असंल की दोन-अडीच किलोमीटर.”

“चिखल कवापर्यंत ऱ्हातो?”

“पोळ्यापर्यंत तर ऱ्हातोच, मामा.”

“डिझेल पंपावर भरता का घरच्या पिंपातून?”

“पिंपातून. ट्रॅक्टरला लागतंय म्हणून भरूनच ठेवतो.”

“आन् गाडी चालवणार कोण?”

“पोरगं.”

“पोरगं रातच्याला कुठं जातं?”

या शेवटच्या प्रश्नाचा इंजिनाशी संबंध काय, हे पाटलांना उमगत नाही. परंतु निकाल मुख्यत्वे त्यावरच लागायचा असतो. महिंद्रांनी २०१० साली थार आणली ती दोन इंजिनांत: एक डी.आय., २५२३ सीसीचे, सुमारे ६३ अश्वशक्तीचे, आणि दुसरे सीआरडीई, २४९८ सीसीचे, १०५ अश्वशक्तीचे. आकार जवळपास सारखा असून ताकदीत एवढी तफावत का, असे कोणी विचारलेच तर मामा त्याला सांगतात की, पहिले इंजिन चिखलासाठी आहे आणि दुसरे ढाब्यासाठी. या निवाड्यावर जाणकारांनी हरकत घ्यावी हे योग्यच, कारण ओढण्याच्या ताकदीतही दुसरेच सरस आहे. पण ज्याचे चिरंजीव रात्री अकरानंतर नांदेड रस्त्यावरच्या ढाब्यांची पाहणी करतात, त्या बापाला १०५ अश्वशक्ती मिळवून देण्याचे पातक मामा आपल्या माथी घेत नाहीत.

पिंपाच्या प्रश्नात मात्र शुद्ध यंत्रशास्त्र आहे. कॉमन रेलच्या इंजिनात डिझेल हजार बारहून अधिक दाबाखाली केसासारख्या सूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते, आणि त्या फवाऱ्याची वेळ एक लहानसा संगणक ठरवितो. ही सारी व्यवस्था स्वच्छ डिझेलाच्या भरवशावर उभी असते. उलट आमच्याकडचे डिझेल पत्र्याच्या शेडात, गंजक्या पिंपात, सोयाबीनच्या भुश्याच्या सान्निध्यात दोन-दोन महिने मुक्काम करते, आणि टाकीत उतरताना ते कोणा एका जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळले जाते एवढाच काय तो संस्कार. पाणी, गंज आणि कचरा यांचे हे तीर्थ जुना पंप कुरकुरत का होईना पचवितो. नव्या इंजिनाचे इंजेक्टर एका हंगामात मान टाकतात, आणि त्यांची दुरुस्ती नांदेडला, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. पिंपाच्या डिझेलवर वाढलेल्या घरात कॉमन रेलचे इंजिन नांदत नाही, हे मामांचे मत मला तरी निर्विवाद वाटते.

म्हणूनच त्यांची खरी भक्ती आहे ती जुन्या एमएम ५४० वर. त्या जीपच्या पोटात फ्रेंच प्यूजोच्या परवान्याने बांधलेले २११२ सीसीचे डिझेल इंजिन असे. ते आवाज भरपूर करते, धावते बेताचे, आणि घाट दिसला की विचारात पडते. पण त्यात सेन्सर नाही, संगणक नाही, आणि औंढ्यापासून गोरेगावपर्यंत कोणत्याही बाभळीखाली ते उघडून पुन्हा बसविणारा कारागीर सापडतो. काळ्या चिकण जमिनीत चाक रुतते तेव्हा वेगाची मातबरी राहत नाही, कमी फेऱ्यांत सावकाश लागणारा जोर उपयोगी पडतो, आणि तो जोर इंजिनाइतकाच लो गिअरच्या दांड्यातून येतो, हे मामा पटवून देतात. चिखलात पहिला मान टायरच्या नक्षीचा असतो, हेही त्यांना पुरते ठाऊक आहे. परंतु टायर कोणीही पाहू शकतो, म्हणून हे सत्य ते उघड बोलून दाखवीत नाहीत.

जिप्सीविषयी त्यांची कैफियत संक्षिप्त आहे. १९८५ साली ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनासह निघालेली आणि पुढे १२९८ सीसीपर्यंत वाढलेली ही गाडी अंगाने हलकी, त्यामुळे गाऱ्यात कमी रुतणारी, हे ते मान्य करतात. लष्कराच्या लिलावातून आलेली असेल तर सलामही करतात. “पण कास्तकाराच्या घरी डिझेल असतंय, पेट्रोल आणावं लागतंय,” एवढे म्हणून ते प्रकरण बंद करतात. जिल्हा परिषदेच्या इच्छुक उमेदवाराशी तर याहून थोडक्यात आटोपते. त्याला २१७९ सीसीच्या एमहॉक इंजिनाची स्कॉर्पिओ हवी असते, आणि मामा ती निमूट पसंत करतात. त्याच्या गाडीत ते केवळ एसी आणि मागल्या सीटवर किती कार्यकर्ते दाटीवाटीने बसतात एवढेच पाहतात.

प्रत्यक्ष गाडी पाहण्याचा विधी भल्या पहाटे होतो. मामा उतरतात, राम राम घालतात, आणि बोलता बोलता सहज टेकल्यासारखा तळहात बॉनेटवर ठेवतात. बॉनेट कोमट लागले की समजावे, विकणाऱ्याने इंजिन आधीच सुरू करून तापविले आहे, आणि थंडीत ते किती कण्हते हे आपल्यापासून लपविले आहे. “आत्ताच पोरगं दूध घालून आलं,” असा खुलासा येतो. मामा त्याचा प्रतिवाद करीत नाहीत. ते बाजेवर बसतात, चहा मागवितात, येलदरीच्या पाण्याची, करप्याची आणि हळदीच्या भावाची चौकशी करतात, दुसरा चहा घेतात, मालकाच्या म्हाताऱ्या आईची विचारपूस करतात, आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत, कधीकधी जेवणवेळ होईपर्यंत, जागचे हलत नाहीत. या अवधीत विकणाऱ्याच्या मनाची जी घालमेल होते, ती ते मन लावून पाहत असतात.

मग चावी. चालू इंजिनावरचे ऑइलचे झाकण काढून ते तेथेच उलटे ठेवायचे. झाकण थडथड नाचू लागले आणि भोकातून भपभप धूर निघाला, म्हणजे इंजिन बॅक मारते, रिंग-पिस्टन झिजले. डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत चोळून हुंगायचा. तो दुधाळ चहाच्या रंगाचा असेल तर ऑइलात पाणी मिसळले. मागे काळा धूर असेल तर पंप-नोझलचे काम, निळा असेल तर इंजिन ऑइल पिते. पांढरा धूर सकाळच्या पहिल्या घटकेला क्षम्य, पण इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. हे सर्व ते इतक्या गांभीर्याने पाहतात की, मालकालाही आपल्या गाडीविषयी नव्याने भीती वाटू लागते.

किलोमीटरच्या मीटरकडे मात्र ते ढुंकूनही पाहत नाहीत. ज्या औंढा नागनाथास नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले अशी आख्यायिका आहे, तेथून हाकेच्या अंतरावर मीटरचे आकडे फिरावेत यात त्यांना काहीच नवल वाटत नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली मज्जाव केल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या, त्यांच्याविषयी ते एवढेच विचारतात की, बँकेचा बोजा उतरला काय आणि ना-हरकत आली काय.

दस्तऐवजांचा भाग मोठा रंगतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तेव्हा एमएच-२२ क्रमांकाची जी जीप आजही चालते, ती कित्येकदा जिल्ह्यापेक्षा वयाने वडील असते, आणि एवढ्या दीर्घायुष्यात तिने इंजिन एकदा तरी बदललेले असते. बदलाला हरकत नाही, तो आर.सी. बुकात चढला पाहिजे. म्हणून मामा ब्लॉकवरचा क्रमांक चिंधीने पुसतात, त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात, आणि उमटलेले आकडे बुकाशी ताडून पाहतात. आकडे जुळले नाहीत की त्यांची मुद्रा प्रसन्न होते, कारण नापसंतीला आता लेखी आधार मिळालेला असतो.

मोबदला ते घेत नाहीत. घेणारा त्यांच्या घरी हळदीची पायली पाठवितो, विकणारा दिवाळीत काही पाठवितो, आणि दोन्हीकडून येणारे ते प्रेम असल्यामुळे त्याचा हिशेब राहत नाही. त्यांच्या स्वतःच्या अंगणात, चार विटांवर, एक प्यूजो इंजिन बसविलेले आहे. त्याच्याभोवती पूर्वी जीप होती. पत्रा गंजून भंगारात गेला, चाके गाडीवानाने नेली, आणि उरलेले इंजिन आता पट्ट्याने हळद पॉलिश करण्याचे पिंप फिरविते. “गाडी काय, कोणालाबी असती,” असे म्हणून मामा त्याच्यावर हात फिरवितात.

गेल्या हंगामात पाटलांचे चिरंजीव पुण्याहून एक लहानसे यंत्र घेऊन आले. ते गाडीच्या खाचेत खुपसले की मोबाईलवर इंजिनाचे दोष आपोआप उमटतात, तेव्हा आता मामांना बोलावण्याचे प्रयोजन काय, असा त्यांचा सवाल होता. योगायोगाने पाहावयाची गाडी १९९६ ची निघाली. तिला तशी खाचच नव्हती. चिरंजीव डॅशबोर्डखाली डोके घालून बराच वेळ ती शोधीत राहिले, आणि मामांनी तेवढ्यात तिसऱ्या नोझलचा ठोका ओळखला. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी चिरंजीवांना बाजूला घेऊन ते यंत्र कोठे मिळते आणि कितीला पडते याची चौकशी केली.

आता ते मामांच्या सदऱ्याच्या खिशात असते. नव्या गाडीला ते स्वतःच्या हाताने जोडतात, मोबाईलवरचे इंग्रजी आपल्याला वाचता येत नाही असे सांगतात, ते मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी विकणाऱ्याच्याच मुलाला बोलावितात, आणि मुलगा वाचीत असता त्याच्या बापाच्या तोंडाकडे पाहत बसतात. मग रुमालाखाली दोन बोटे कमी होतात.