कोपरवाले काकाजी

कोपरवाले काकाजी हा यवतमाळ जिल्ह्यात बारमाही आढळणारा मनुष्यप्रकार आहे. वय पंचावन्नच्या पुढे. पेशा कोणताही चालतो. निवृत्त गुरुजी, अडत्याकडचे दिवाणजी, तिकिटांना भोकं पाडण्यात उमेदीची वर्षं घालवलेले एसटीचे जुने कंडक्टर, किंवा चार-पाच एकरांत कपाशी नि तूर काढणारे शेतकरी. ओळखीची खूण एकच: उजव्या कोपराखाली बांधलेला काळा पट्टा. झोपताना तो सुटतो, पण लग्नाकार्यात झब्ब्याच्या बाहीवरून आवळलेला असतो, कारण बाहीच्या आत पट्टा कोणाला दिसणार? आणि कोणी विचारलं नाही तर अहेर फुकट गेल्यासारखं होतं.

काकाजींच्या मते त्यांची ‘नस दबली’ आहे. काहींची ‘चढलेली’ असते, काहींची ‘सरकलेली’. नस हा शब्द आपल्याकडे फार सोशिक आहे. रक्तवाहिनी, मज्जातंतू, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सगळ्यांचा संसार तो एकटा चालवतो. त्यामुळे कुठल्याही दुखण्यावरचा उपाय कुठल्याही माणसाला लागू करता येतो. प्रत्यक्षात दुखत असते ती दोरी, म्हणजे कंडरा. वैद्यकात या दुखण्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, आणि ज्यांना ते होतं त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात रॅकेट धरलेली नसते. 16 लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन दिवसभर दांडा मारणाऱ्याला विम्बल्डनला जाण्याची गरज पडत नाही. मनगट मागं वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथं चिकटतात तिथं कळ उठते. पाण्यानं भरलेला गडवा उचलवत नाही, ओला पंचा पिळवत नाही. सुरुवातीला तिथं थोडी सूज असू शकते. दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळलं की सूज फारशी उरत नाही. कोलॅजनचे धागे विस्कटलेले असतात, जुन्या बाजेच्या सुंभासारखे. कंडरेला रक्तपुरवठा मुळात बेताचा, त्यामुळे डागडुजी आठवड्यांत होत नाही, महिने घेते. काकाजींची सारी कर्तबगारी या महिन्यांत मावते.

पहिला टप्पा झाडपाल्याचा. निर्गुडीचा पाला वाफवून शेक, एरंडाचं पान गरम करून बांधणं, रुईच्या पानाला तेल लावून तव्यावर शेकणं, मोहाच्या बियांचं तेल चोळणं. यातल्या शेकण्याला आणि चोळण्याला तात्पुरता आराम आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. ऊब लागली की वेदना तासभर सैल पडते. पण काकाजी श्रेय देतात पानाला, आणि तेही विशिष्ट पानाला: कळंबच्या रस्त्यावरच्या अमुक बांधावरचंच. या टप्प्यावर कोणीतरी पायाळू माणूस सुचवतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्यानं पाय लावला की उसण उतरते, असा समज जुना आहे. मात्र तो कमरेसाठी. कोपराला पाय कसा लावावा यावर घरात मतभेद होतात आणि पायाळू चहा पिऊन परत जातो.

यानंतर बिब्बा. बिब्ब्याचं तेल कातडीवर उततं, फोड येतात, त्यातून पाणी गळतं. कोपराची कळ त्या आगीपुढं आठवडाभर ऐकूच येत नाही, म्हणून बिब्बा गुणकारी ठरतो. कामात बिब्बा घालणं हा वाक्प्रचार अशाच एखाद्या काकाजींच्या घरातून निघाला असावा.

दुसरा टप्पा डब्यांचा. मुलगा पुण्याला नोकरीला असेल तर तो लवकर सुरू होतो. पहिली येते हळदीची कॅप्सूल. उमरखेड-महागावकडं हळदीचे मळे आहेत, काकाजींच्या साडूनं दरसाल पायलीभर हळकुंडं पाठवलेली आहेत. तरी कॅप्सूल बंगळुरूहून येते. हळदीतलं कर्क्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्के भरतं आणि आतड्यातून अंगात शिरायला फार आढेवेढे घेतं, म्हणून सोबत मिऱ्याचा अर्क घालतात. दुसरी येते शल्लकी. ही म्हणजे सालईचा डिंक. सालई विदर्भाच्या खडकाळ जंगलात उगवते, तिचा डिंक पिढ्यान्‌पिढ्या धुपासाठी जळत आला. तोच आता बाटलीत बसून परत येतो तेव्हा काकाजी त्याला हात जोडून घेतात. दोन्हींवर अभ्यास झालेले आहेत, काहींत थोडा फायदाही दिसला आहे. पण ते प्रामुख्यानं झिजलेल्या गुडघ्यांवरचे. काकाजी ते वाचताना ‘गुडघा’ या शब्दावर बोट ठेवतात आणि ‘कोपर’ असं म्हणतात.

तिसरा डबा कोलॅजनचा, आणि इथं माळकरी घरात धर्मसंकट उभं राहतं. कोलॅजन झाडाला लागत नाही; ते जनावराच्या कातडी-हाडांतून किंवा माशांतून काढावं लागतं. सूनबाई डब्यावरचा तपकिरी त्रिकोण दाखवते. काकाजी चष्मा पुसतात, त्रिकोण निरखतात, आणि ‘औषधाले दोष नसते’ असा निर्णय देऊन चमचा दुधात ढवळतात. या भुकटीच्या बाजूनं सांगण्यासारखं थोडं आहे. 2017 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात आठ निरोगी तरुणांना 15 ग्रॅम जिलेटिन आणि क जीवनसत्त्व दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तात नवं कोलॅजन तयार होत असल्याची खूण दुपटीनं वाढली. मात्र जिलेटिन घेतल्यावर तासाभरानं त्या तरुणांनी सहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारल्या होत्या. डब्यावर जिलेटिनचा वंशज आहे, दोरी नाही.

इथपर्यंतचं सगळं बहुधा खिशालाच लागतं. शरीराला लागतं ते निराळं. आठवडी बाजारातल्या बिननावाच्या पुडीनं दोन दिवसांत हात मोकळा झाला तर तो चमत्कार समजू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि मधुमेह्याला ते महागात पडतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना हळदीच्या नि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची मूठ तोंडात टाकणंही बरं नव्हे. कोपरात घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाची गंमत तर अशी, की पहिले काही आठवडे ते लखलखीत काम करतं आणि वर्षाअखेर ते न घेतलेले लोक पुढं गेलेले दिसतात.

उपायाला गुण कसा येतो, हे समजायला काकाजींची दिनदर्शिका पुरते. दुखणं चढतं आणि उतरतं. काकाजी नवा उपाय आरंभतात तो कळ अगदी शिगेला पोचली त्या दिवशी. त्यानंतर ती उतरणारच असते. टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्षभरात बराच निवळतो. निवळला त्या दिवशी जी बाटली उघडी असेल ती पावली. आधीच्या अकरा बाटल्या मग शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटल्या जातात.

खरा उपाय काकाजींना माहीत असतो. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून तो त्यांना कागदावर लिहून मिळालेला असतो. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, मुठीत अर्धा किलोचं काहीतरी. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलायचं आणि वजन हळूहळू खाली सोडायचं. पंधराचे तीन फेरे, रोज, निदान बारा आठवडे. या पद्धतीचं मूळ टाचेच्या कंडरेत आहे. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 साली टाचदुखीनं बेजार धावपटूंना टाच पायरीवरून खाली सोडायला लावली, दिवसाला 180 वेळा, दुखत असतानाही; बारा आठवड्यांत ते परत धावू लागले. काकाजींनी कोपराचा व्यायाम चार दिवस केला, पाचव्या दिवशी विचारलं, यात कंपनी कोणती? वजन म्हणून न उघडलेला कोलॅजनचा डबा चालला असता. पण व्यायामाची अडचण वेगळीच आहे: तो पिशवीतून काढून दुसऱ्याला देता येत नाही, आणि ज्याला काही देता येत नाही तो कसला काकाजी.

दिवाळीनंतर काकाजींच्या वावरात वेचणी चालू असते. बोंडातून कापूस ओढून ओढून वेचणारीच्या अंगठ्याच्या मुळाशी जी कळ येते तीही कंडरेचीच. फ्रिट्झ द केर्व्हें या स्विस शल्यविशारदानं ती 1895 साली नोंदवली, म्हणून त्याचं नाव तिला चिकटलं. वेचणारी मनगटाला चिंधी बांधते आणि पुढच्या झाडाला हात घालते, कारण मजुरी किलोवर आहे. धुऱ्यावर बसलेले काकाजी हे पाहतात. त्यांना मनापासून वाईट वाटतं, आणि हात पिशवीत जातो.

बाई कॅप्सूल घेते, दोन बोटांनी फोडते, वास घेते.

“हे तं हयदच हाये, काकाजी.”

“हयद तं हायेच व बाई,” काकाजी म्हणतात, “पन याच्यात काये मिरे बी हायेत.”

“मंग भाजीच म्हना ना.”