कर्द्याच्या वाळूत गाडी घालणाऱ्या साहेबांस

साहेब,

आपली ओळख झालेली आहे. पौर्णिमेच्या रविवारी कर्द्याच्या किनाऱ्यावर आपली गाडी ढकलणाऱ्यांत मागच्या डाव्या चाकापाशी होतो, तो मी. काच खाली करून आपण ‘अरे, जोर लावा की जरा’ म्हणालात, ते मलाच.

आधी आभार मानतो. आम्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पोरं. सकाळी प्लॉटवर कुदळ, दुपारी वर्ग, रात्री जर्नल. पावसाळ्यात दोरीवरची चड्डी आठवडाभर ओलीच. गावात मॉल नाही, रेल्वे पाहायची तर घाट उतरून खेड गाठावं लागतं. रविवारी एस.टी.ने समुद्रावर जाणं एवढीच चैन. तिथे आपण एवढा महागडा खेळ आम्हाला फुकटात दाखवलात.

माझा रूम पार्टनर यवतमाळचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याने ओंजळभर पाणी चाखून ते खरंच खारट असल्याची खात्री करून घेतली होती. आपल्याला अडवायला धावला तो तोच. ‘काका, गाडी वरच राहू द्या, भरती येऊन राहिली.’ त्यावर आपण चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, ‘फोर बाय फोर आहे.’

समुद्राला हे कुणी कळवलं नसावं.

इकडे भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. थोडं मागेपुढे, पण दुपारच्या सुमाराला पाणी चढणार, तेही उधाणाचं. हर्णैच्या बंदरावर शेंबडं पोरही हे सांगेल. आपण साडेदहाला पाण्याच्या कडेने गोल गोल फिरत होतात आणि वहिनी मोबाइल धरून ‘अजून एक राउंड’ म्हणत होत्या.

ओली वाळू कडक लागते, तिथेच माणूस फसतो. वळताना आपण वरच्या भुसभुशीत पट्ट्यात शिरलात आणि मागचं चाक जागच्या जागी फिरू लागलं. ‘टायरमधली हवा कमी करा, झावळ्या घालू खाली,’ असं आम्ही ओरडत होतो. चिखलणीत रुतलेले ट्रॅक्टर आम्ही पाहिलेले असतात हो. आपण मात्र पाय दाबूनच धरलात. फोर बाय फोर असल्याने चारही चाकं सारख्याच इमानाने खाली गेली. वाळूचा फवारा माझ्या तोंडात, आणि पहिली लाट आपल्या नंबरप्लेटवर. गाणं तेवढं चालूच होतं.

त्या भुसभुशीत पट्ट्याबद्दल थोडं सांगतो, परीक्षेला येत नाही तरी. आमच्या किनारपट्टीवर, वेळासला, आंजर्ल्याला, थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वर येते. नेमक्या अशाच वाळूत दीडएक फूट खड्डा करते, शंभरभर अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. तिला बाहेर काढायला ट्रॅक्टर लागत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला ही घरटी राखायला सुरुवात केली. गावकरी पहाटे उठून किनाऱ्यावर माग शोधतात, अंडी कुंपणात हलवतात. जे घरटं नजरेतून सुटतं त्यावरून टायर गेला की संपलं. कासवांना अभय देणारा कायदा १९७२चा, आमचं विद्यापीठही १९७२चंच. दोघांनाही आपण सारखाच मान दिलात.

दापोलीत आपण आणखी काय पाहिलंत, असं मी गाडी ढकलता ढकलता विचारलं होतं. आसूदचा केशवराज राहिला, कारण पोफळीच्या बागांतून वर चढत जावं लागतं. सुवर्णदुर्ग राहिला, कारण होडीत बसावं लागतं. हर्णैचा मासळीचा लिलाव राहिला, कारण वास येतो. पन्हाळेकाजीची लेणी ‘नेक्स्ट टाइम’. कर्दे मात्र झालं, कारण तिथे गाडीतून उतरायचं कारण नव्हतं. निदान त्या दिवशी अकरापर्यंत तरी.

शेवटी गावातून ट्रॅक्टर आला. त्याने दोर बांधला तेव्हा पाणी दारापर्यंत आलं होतं. भाडं ऐकून आपण म्हणालात, ‘इथे टुरिस्टला लुटतात.’ आमच्यातल्या एकाने तुमच्या पोराला खांद्यावर घेऊन कोरड्यात आणलं होतं, त्याचे पैसे कुणी मागितले नाहीत. चहाही विचारला गेला नाही, पण आपण घाईत होतात, समजू शकतो.

जाताना आपण खिडकीतून ‘थँक्स बॉईज’ म्हणालात. तोवर आमची परतीची एस.टी. गेली होती, आणि रविवारी रात्री आमची मेस बंद असते.

आपला,
मागचं डावं चाक

ता. क. : रील पाहिली. ‘ऑफ-रोडिंग इन कोकण’. छान जमली आहे. फक्त ट्रॅक्टर आणि दोर कापताना आमची डोकीही कापली गेली आहेत. पुढच्या वेळी यायचं तर शक्यतो अष्टमीला या, भरती लहान असते. आणि सेमिस्टरची परीक्षा टाळा, तेव्हा ढकलायला कुणी मिळणार नाही.