तिथीची पाऊणपट

सप्टेंबर उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'या मोसमात काय पाहाल?' अशी एक चौकट हमखास येते. तीत मंडपांची नावं असतात, गरब्याच्या पासांचे दर असतात, दिवाळी पहाटेला कोण गाणार ते असतं आणि शेवटी 'वाहनतळाची सोय नाही' ही चौकटीतली एकमेव खात्रीची माहिती असते. चौकट लिहिणाऱ्याने दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, मुंबईत शरद ऋतू येतो. दोन, तो बघायला कुठेतरी जावं लागतं. संस्कृत कवींनी शरदाला निरभ्र आकाश, निवळलेलं पाणी, काशाची पांढरी फुलं आणि हंस एवढं सामान दिलं होतं. त्यातलं मुंबईच्या वाट्याला काय आलं? हवामान खात्याच्या हिशेबाने पाऊस मुंबईतून सरासरी ८ ऑक्टोबरला निघतो, आणि त्याने उंबरा ओलांडायच्या आत ऑक्टोबर हीट घरात शिरलेली असते. हंसांच्या जागी डास येतात. तेव्हा आभाळाकडे बघून इथे ऋतू कळायचा नाही. माझं म्हणणं असं की पश्चिम उपनगरात शरद ऋतू मासळी बाजारात उतरतो, आणि त्याचे सण-उत्सव नीट भोगायचे तर दोनच गोष्टी ठाऊक हव्यात: पापलेटचा भाव आणि भरतीची वेळ. खारदांड्यात दोन्ही एकाच तोंडून कळतात, आणि त्याला पास लागत नाही.

कार्टर रोडवरून उत्तरेकडे चालत राहिलं की खारदांड्याचा कोळीवाडा लागतो. आसपास समुद्र दिसतो म्हणून कोट्यवधी मोजलेली घरं आहेत आणि मध्ये समुद्रावरच पोट असलेली घरं आहेत. पहिल्यांना समुद्र हवा असतो, फक्त त्याचा वास नको असतो. दुसऱ्यांची अशी काही अट नाही. दुसऱ्यांचं वर्ष जानेवारीत नव्हे, ऑगस्टात सुरू होतं. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला कायद्याने समुद्र उघडतो, पण नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही ही कोळ्यांची जुनी रीत. खरी गंमत त्यापुढे आहे. दोन महिन्यांनी ताजी मासळी किनाऱ्याला लागते, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला श्रावण लागलेला असतो. आषाढातल्या अमावास्येला जगबुडी असल्यासारखी गटारी साजरी केलेलं गिऱ्हाईक आता कोळणीची नजर चुकवत केळी घेऊन जातं. पाण्यात मासे भरपूर आणि मागणी साबुदाण्याला, असं अर्थशास्त्र जगात दुसरीकडे सापडणं कठीण. २०२३ साली तर श्रावण अधिक आला. १८ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत तो संपतच नव्हता. सरकारची बंदी उठली तेव्हा धर्माची बंदी ऐन भरात होती, आणि सरकारच्या बंदीत मासे तरी वाढतात.

श्रावण सरला की गणपती येतात, आणि त्यांच्या मागोमाग गौरी. कोळी, आगरी, भंडारी आणि कोकणपट्टीतल्या आणखी कितीतरी घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. माहेरवाशीण वर्षाने आलेली, तिला काय आवडतं ते रांधायचं, एवढा साधा विचार. अडचण एवढीच की शेजारी बसलेला गणपती शुद्ध शाकाहारी. मग काय करतात? दोघांच्या मध्ये पडदा धरतात. गौर जेवते, पडदा निघतो, आरती होते. मुंबईच्या गृहनिर्माण सोसायट्यांना जो प्रश्न वर्षानुवर्षं सुटलेला नाही, भाडेकरूला नाव विचारायच्या आधी 'काय खाता?' विचारायची वेळ ज्याने आणली, तो कोकणातल्या बायकांनी दीड मीटर कापडात सोडवला आहे. कोणीही कोणाला घर सोडायला सांगितलं नाही. याच दिवसांच्या आगेमागे वांद्र्याच्या डोंगरावर मोत माउलीची जत्रा भरते. ८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस, आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. आजचं चर्च १९०४चं असलं तरी मूर्तीची कथा त्याहून जुनी आहे: ती समुद्रात कोळ्यांना सापडली अशी आख्यायिका आहे. माउली जाळ्यात आली म्हटल्यावर कोळ्यांनी धर्माचा दाखला मागितला नाही. आजही हिंदू कोळी तिथे मेणाचं घर, मेणाचा हात, मेणाचं बाळ वाहून येतात. पुरवणीच्या चौकटीत ही जत्रा एका स्तंभात आणि गणपती दुसऱ्यात छापतात. बाजारात मात्र दोन्हींचं गिऱ्हाईक एकाच टोपलीपुढे उभं असतं आणि सारखीच घासाघीस करतं.

नवरात्रात भाव पुन्हा नरमतो, कारण अर्धी गिऱ्हाइकं उपासाला आणि उरलेली गरब्याला गेलेली असतात. खुद्द कोळ्यांची पावलं कार्ल्याच्या एकवीरेकडे वळतात. ती त्यांची कुलदेवता. समुद्रावर जगणाऱ्या माणसांनी आपली आई सह्याद्रीच्या डोंगरात ठेवावी, हा दूरदर्शीपणाच म्हणायचा. खारच्या रामकृष्ण मठात याच सुमाराला दुर्गापूजा असते, आणि जुहूची मुखर्जी कुटुंबाशी जोडलेली दुर्गापूजा १९४८पासून चालू आहे. तिथल्या बंगाली मंडळींचा मुद्दा फार स्वच्छ आहे: मंडपातला भोग सात्त्विक, पण घरी मासा खाल्ल्याने देवी रागावते असं देवीने कुठे म्हटलेलं नाही. दसऱ्याला सगळा हिशेब उलटतो. मुंबईकर सकाळी आपट्याची म्हणून बहुधा कांचनाची पानं विकत घेतो, तीच सोनं म्हणून वाटतो, आणि मग खरं सोनं घ्यायला सुरमईच्या रांगेत उभा राहतो. त्या दिवशी होडीला झेंडूची माळ असते, इंजिनाला हळदकुंकू असतं आणि पापलेटच्या भावाला हात लावायची सोय नसते. आणि जिला सगळी मुंबई शिव्या घालते ती ऑक्टोबर हीट? काठ्यांवर टांगलेल्या बोंबलांना वाळायला तेच कोरडं, कडक ऊन लागतं. आपण ऑक्टोबरात जो घाम पुसतो, त्याची पावती पुढच्या जुलैत, मासेमारी बंद असताना, सुक्या बोंबलाच्या कालवणातून मिळते. ऋतूला नावं ठेवणाऱ्यांनी निदान ते कालवण तरी नाकारावं.

आता भरतीकडे. कोकणकिनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्दशी म्हणजे चौदा, त्याची पाऊणपट साडेदहा; म्हणून साडेदहाच्या पुढेमागे, दिवसा आणि रात्री, भरती. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण तेवढा फरक तर मुंबईत लग्नाच्या मुहूर्तालाही पडतो. या एका गणितात शरदातले सगळे सण बसतात. अष्टमीला सहा, आणि तेव्हा भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. देवीच्या जागराच्या वेळी समुद्र विश्रांती घेतो. कोजागरीला मध्यरात्रीच्या सुमारास उधाण असतं, म्हणजे 'कोण जागं आहे?' असं लक्ष्मी विचारत फिरते तेव्हा समुद्र पहिला हात वर करतो. दिवाळीच्या अमावास्येलाही समुद्राचं वेळापत्रक तेच. भरती दुपारी आणि मध्यरात्री, त्यामुळे संध्याकाळी लक्ष्मीपूजनाच्या वेळेला नेमकी ओहोटी. बोनस, फटाके, आकाशकंदील आणि भाऊबीजेची तरतूद यांतून गेलेल्या नोकरदाराला हे निसर्गनियमाने पटावं.

यावर कोणी म्हणेल, आता वेळापत्रकं मोबाइलवर मिळतात, आडाखे कशाला? २०२५चं विसर्जन आठवून पाहावं. लालबागचा राजा हे मुळात बाजारासाठी केलेल्या नवसातून, कोळी आणि दुकानदारांनी १९३४ साली उभं केलेलं मंडळ. २०२५ साली मूर्तीसाठी नवा, अवाढव्य, मोटारीवर चालणारा तराफा आला. ७ सप्टेंबरच्या सकाळी गिरगाव चौपाटीवर भरतीचं पाणी चढलं, मूर्ती तराफ्यावर घेता येईना, आणि विसर्जन रात्रीपर्यंत लांबलं. पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, एवढं बोटांवर मोजता आलं असतं. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. समुद्राची मात्र सवय आहे की तो तंत्रज्ञान आणि भक्ती दोघांनाही सारखाच ओला करतो. उपनगरातला अंधेरीचा राजा अनंत चतुर्दशीला न जाता पुढच्या संकष्टीला वर्सोव्याला जातो आणि शेवटच्या टप्प्यात तिथल्या कोळ्यांच्या होड्यांवर विसावतो. गर्दी ओसरल्यावर, होडी जाणणाऱ्याच्या हाती सोपवून निघणं, यात देवाचा समंजसपणा दिसतो.

पहिला मोठा आक्षेप अर्थातच संस्कृतीच्या बाजूने येतो. सण म्हणजे काय खाणं का? गाणं, नाटक, वाचन यांचं काय? आक्षेप वजनदार आहे, आणि तो घेणारे बहुतेक वेळा पुरणपोळी खाऊन घेतात. नैवेद्याशिवाय आपला एकही देव घरात टिकलेला नाही. पोटाला वगळून सण सांगणं म्हणजे इतिहासाला वगळून सांगणं. वाचनाचं म्हणाल तर १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी फराळाच्या ताटाशेजारी वाचनाची जागा केली. ताट उचलून तिथे अंक ठेवला नाही. आणि दिवाळी पहाट? उजाडायच्या आत उठून, नटून, गाणं ऐकायला नाट्यगृहात जायचं, याचं मध्यमवर्गाला वर्षातून एकदा फार अप्रूप. कोळीण बंदीचे दोन महिने सोडून रोज त्याच वेळी उठते, नाकात नथ आणि डोक्यात गजरा घालून निघते, आणि तिची तान रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येते. फरक एवढाच की तिच्या मैफलीला ध्वनिवर्धक लागत नाही. ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा आहे आणि राज्य सरकार ती वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सैल करू शकतं. आनंदाचं रेशनिंग करणारं हे बहुधा एकमेव खातं, आणि मंडळं आपला शिधा पुरेपूर उचलतात.

दुसरा आक्षेप शाकाहारी वाचकांचा. मासे न खाणाऱ्याने ऋतू कसा ओळखावा? त्याने आनंदाने झेंडूचा भाव पाहावा. दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला तोही पापलेटइतकाच चढतो, आणि त्याला काटे नसतात. तत्त्व तेच: उत्सव कुठे आहे हे जाहिरात सांगते, उत्सव किती आहे हे बाजार सांगतो. तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मासे हल्ली गुजरातहून येतात, बर्फातून येतात, मोबाइलवर बोट दाबलं की साफ करून दारात येतात. मग दांड्याच्या भावाला कोण विचारतो? हे खरं आहे, आणि म्हणूनच माझा मुद्दा पक्का होतो. मासा कुठूनही आणता येतो, तिथी आणता येत नाही. पिशवीतल्या गोठलेल्या सुरमईला आज दशमी आहे की एकादशी हे ठाऊक नसतं. टोपलीमागच्या बाईला ठाऊक असतं, कारण तिची त्या दिवसाची कमाई त्यावर ठरते. मंडपाच्या रोषणाईसाठी प्रायोजक मिळतो. नारळी पुनवेच्या नारळाला अजून कोणी कंपनीचं नाव लावलेलं नाही, आणि हे लिहून मी कोणाला कल्पना देत नसेन अशी आशा आहे.

चौथा आक्षेप कोणी घेत नाही, म्हणून मीच घेतो. सगळं कौतुक कोळ्यांच्या परंपरेचं, पण कोळ्यांचं काय? शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात कोळीनृत्य असतं आणि प्रत्येक राजकीय मिरवणुकीपुढे कोळीवेश असतो. वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचे खांब समुद्रात उभे राहताना मात्र बोटींच्या वाटेचं काय, हा प्रश्न मच्छीमारांना स्वतःच विचारावा लागतो. टोपली भरलेली असेल तरच कोळीवाड्यातले सण भरलेले असतील. रिकाम्या टोपलीवर नाच बसवता येतो, सण नाही. तेव्हा यंदा उत्सवांची यादी करणार असाल तर मंडप जरूर बघा, पण आधी खारदांड्याच्या बाजारात चक्कर टाका. श्रावण आणि नवरात्र पाळत असाल तर अवश्य पाळा, दसऱ्याला मात्र भेटा. सुटे पैसे न्या, आपली पिशवी न्या, भरतीची वेळ विचारा, आणि पापलेटचा भाव ऐकून 'मावशी, काहीतरी कमी करा' असं म्हणायचं असेल तर त्याआधी गरब्याच्या पासाला किती मोजले ते एकदा आठवा.