किमान वीस वॅट

आमच्या हॉलच्या पीओपीत आठ हॅलोजन होते. प्रत्येकी ५० वॅटचे. पाहुणे आले की लावायचे आणि पाहुणे लिफ्टमध्ये शिरले की विझवायचे, अशी घरची शिस्त. मेव्हण्याने हिशेब मांडला : ५ वॅटचे एलईडी लावा, रोज पाच तास धरले तरी महिन्याला ५४ युनिट वाचतात. आम्ही ते रोज लावतच नव्हतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर हिने हातात पिशवी दिली होती.

खोक्यावर ३००० केल्विन म्हणजे उबदार आणि ६५०० म्हणजे थंड. आकडा चढेल तसा गारवा वाढवणारं हे तापमान. मी पिवळा मागितला. "पिवळा कोणी नेत नाही हो," म्हणत दुकानदाराने पाच पिवळे शोधले आणि तीन पांढरे घातले. "वर गेल्यावर कळत नाही."

वर गेल्यावर कळतं. सोफ्याकडे लग्नाचा हॉल, टीव्हीकडे दवाखाना.

शिवाय आठही लुकलुकू लागले. दिवाळी असती तर खपून गेलं असतं. वायरमन चौथ्या दिवशी आला, भोकात हात घालून त्याने एक डबी ओढून काढली. हे हॅलोजन १२ व्होल्टचे, म्हणून प्रत्येकामागे एक ट्रान्सफॉर्मर. त्यावर छापलं होतं : २० ते ६० वॅट. वीसच्या खाली खाणाऱ्याला ही डबी पंगतीला बसूच देत नाही. पाचाचा दिवा तिला दिसतो, दिसत नाही, पुन्हा दिसतो. काटकसर करा, पण निदान चौपट खाऊन करा, असं तिचं म्हणणं.

मग २३० व्होल्टचे आणायचे ठरले. त्यांचा होल्डर वेगळा. आधीच्यांना दोन बारीक काड्या, यांना दोन जाड पाय, घालून फिरवायचे. पहिले आठ दुकानदार परत घेईना, कारण खोकी फाडली होती. (न फाडता दिवा कसा काढतात, हे त्याने दाखवलं नाही.) आयुष्य २५,००० तास, म्हणजे रोज पाच तासांनी तेरा वर्षांहून जास्त. वॉरंटी दोन वर्षं. ती मागायला लागणारं बिल थर्मल कागदावर, ते श्रावणातच कोरं झालं.

२३० व्होल्टमध्ये पिवळा नव्हताच. आता आठही पांढरे आहेत आणि सगळं दिसतं. हॅलोजनच्या धगीने प्रत्येक भोकाभोवती पीओपी तपकिरी झालं होतं. पिवळ्या उजेडात ती नक्षी वाटायची. दोन भेगा आणि एक जुनं, भरभराटीला आलेलं कोळिष्टकही उघडकीस आलं. आईने वर पाहून विचारलं, "ऑपरेशन कधी आहे?" रंगारी म्हणतो, नुसतं छत रंगवलं तर भिंती मळक्या दिसतील. त्याचा आकडा ऐकून मेव्हणा घरी गेला.

पाहुणे गेले की दिवे अजूनही विझवतो.

माळ्यावर आठ ट्रान्सफॉर्मर आहेत, उत्तम चालू स्थितीत. कोणाला हवे असल्यास फुकट न्यावेत. येताना वीस वॅट सोबत आणावेत.