खेडं पाहावं कॉट्सवल्डचं

पुण्यातला वाडा ‘पडायला आलाय’ म्हणून बिल्डरच्या हवाली करणारी माणसं इंग्लंडमधल्या कॉट्सवल्डच्या खेड्यात भाच्याचं तीनशे वर्षांचं घर बघून गहिवरतात. घर ‘लिस्टेड’; साधी खिडकी बदलायची तरी कौन्सिलची परवानगी लागते. तुळया इतक्या खाली, की काकांचं टाळकं दर फेरीला आपटतं. "काय जपलंय हो!" काका कपाळ चोळत म्हणतात. माजघरात हेच झालं असतं, तर संध्याकाळच्या आत गवंडी हजर असता.

दुसऱ्या दिवशी बायबरी. तिथली आर्लिंग्टन रो ही मुळात चौदाव्या शतकातली लोकरीची वखार. सतराव्या शतकात तिथं विणकरांची बिऱ्हाडं झाली. म्हणजे हातावर पोट असलेल्यांची चाळच. आज तिच्यासमोर फोटोसाठी झुंबड उडते.

मग भाचेसून गुडघाभर रबरी बूट चढवून सगळ्यांना शेतातल्या पायवाटेनं नेते. शेत मालकाचं, पण वाट सर्वांची. तिथला कायदाच तसा. गावी हातभर बांधासाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारे काका ही व्यवस्था तोंडभरून वाखाणतात. पुढे मेंढ्या, चिखल, पुन्हा मेंढ्या. पब गाठेपर्यंत अडीच वाजतात आणि स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. काकूंच्या पिशवीतून मेथीच्या दशम्या निघतात. भाचेसुनेचा हात सगळ्यांच्या आधी पुढे येतो.

रात्री पायवाटेचे फोटो अख्ख्या गोतावळ्याला जातात. भावाला तेवढे जात नाहीत. पुढच्या महिन्यात तारीख आहे.